खुर्ची थ्रीडीत दिसते, प्लॅनमध्ये दिसत नाही: इमारतीच्या मॉडेलमध्ये फर्निचर टाकताना

प्रश्न थोडक्यात असा: भिंती, दारं, खिडक्या, स्लॅब असं इमारतीचं मॉडेल तयार आहे. आता त्यात फर्निचर, ओटा, बेसिन, दिवे, झाडं टाकायची आहेत. इंटरनेटवरून उतरवलेल्या वस्तू टाकल्या तर काही मुंगीएवढ्या येतात, काही आडव्या पडतात, काही थ्रीडीत दिसतात पण प्लॅनमध्ये गायब होतात आणि पंचवीस-तीस वस्तू झाल्या की फाइल रांगायला लागते. मग वस्तू टाकायची योग्य पद्धत कोणती?

मॉडेलमधल्या प्रत्येक वस्तूला तीन अंगं असतात: प्लॅनवर उमटणारं रेषांचं चिन्ह, थ्रीडी आकार, आणि ती वस्तू काय आहे, कोणत्या खोलीत आहे, किती आहेत ही नोंद. उतरवलेल्या बहुतेक फाइलींत फक्त मधलं अंग असतं. तेही इमारतीच्या मॉडेलसाठी बनवलेलं नसतं, देखणं चित्र काढण्यासाठी बनवलेलं असतं. वर दिलेल्या बहुतेक तक्रारी इथूनच येतात. त्यामुळे वस्तू शोधायच्या आधी तिच्याकडून काय काम हवं ते ठरवा. काम नुसतं प्लॅन आणि मोजदाद असेल तर पलंगासाठी दोन ठोकळे आणि चार रेषा पुरतात. जवळून रेंडर (खरं वाटेल असं चित्र) करायचं असेल तरच शिवण आणि उशीच्या सुरकुत्या हव्यात, आणि त्याही फक्त कॅमेऱ्यासमोरच्या दोन-तीन वस्तूंना.

उतरवलेली फाइल थेट प्रोजेक्टमध्ये टाकू नका

हा नियम रेव्हिट, स्केचअप, आर्चिकॅड, ऑटोकॅड या सगळ्या सॉफ्टवेअरना लागू आहे. थेट टाकलेल्या फाइलीबरोबर तिचे लेअर, मटेरियल, टेक्स्चर (पृष्ठभागावर चिकटवलेली चित्रं), रेषांचे प्रकार, आत लपलेले इतर ब्लॉक (साठवलेल्या तयार वस्तू) असं सगळं सामान प्रोजेक्टमध्ये शिरतं, आणि वस्तू पुसली तरी ते तिथेच राहतं. आधी एक रिकामी फाइल उघडा, वस्तू तिथे आणा, तपासा, साफ करा, नवीन नावानं आपल्या लायब्ररीत ठेवा आणि मग प्रोजेक्टमध्ये न्या. एका वस्तूला पाच-दहा मिनिटं लागतात, पण तीच वस्तू पुढे दहा प्रोजेक्टमध्ये वापरली जाते.

रिकाम्या फाइलीत पहिली तपासणी मापाची. एखादी ओळखीची उंची मोजा. टेबलाची उंची साधारण ७५० मिमी असते, खुर्चीची बैठक ४५० मिमीच्या आसपास. टेबल ७५० ऐवजी ७५ मिमी भरलं तर मूळ फाइल सेंटीमीटरमध्ये काढलेली आहे आणि आकडे मिलिमीटर समजून वाचले गेलेत. २९.५ भरलं तर मूळ एकक इंच. २.४६ भरलं तर फूट, ०.७५ भरलं तर मीटर. म्हणजे मोठं करायचे गुणक अनुक्रमे १०, २५.४, ३०४.८ आणि १०००. या चारपैकी कोणताच गुणक बसत नसेल, तर वस्तू कुणीतरी अंदाजानं ओढून काढली आहे. मग एकाच गुणकानं मोठी करून भागणार नाही. लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही वेगवेगळ्या तपासा.

असं का होतं? ओबीजे आणि एसटीएल या थ्रीडी फाइलींच्या फॉरमॅटमध्ये एककाची नोंदच नसते, नुसते आकडे असतात. डीडब्ल्यूजीमध्ये (ऑटोकॅडच्या फाइलीत) नोंद असते, पण काढणाऱ्यानं ऑटोकॅडमधलं इनसयुनिट्स हे एककाचं सेटिंग तपासलेलं नसलं की ती नोंद खोटी ठरते: रेषा मिलिमीटरच्या हिशेबानं, फाइल मात्र स्वतःला इंचाची म्हणवते. त्यामुळे इम्पोर्ट करताना एकक आपोआप ओळखण्याचा पर्याय सोडून ते स्वतः निवडणं बरं.

वस्तू आडवी पडली असेल तर दोष अक्षांचा. इमारतीच्या सॉफ्टवेअरमध्ये झेड अक्ष वर जातो. माया (ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर), जीएलटीएफ (थ्रीडी फाइलींचा आणखी एक फॉरमॅट) आणि बऱ्याच ओबीजे फाइलींमध्ये वाय अक्ष वर असतो. एक्स अक्षाभोवती ९० अंश फिरवलं की वस्तू उभी राहते. हे फिरवणं वस्तूच्या आत, मूळ व्याख्येत करा. प्रोजेक्टमध्ये बसवलेल्या प्रतीला फिरवलंत तर पुढची प्रत पुन्हा आडवीच येईल.

मग पाहायचा तो इन्सर्शन पॉइंट, म्हणजे वस्तू जिथे धरून ठेवली जाते तो बिंदू. याकडे सर्वात जास्त दुर्लक्ष होतं, आणि याचा त्रास सर्वात जास्त काळ पुरतो. मूळ फाइलीत वस्तू शून्य बिंदूपासून दूर काढलेली असेल तर क्लिक एका जागी होतं आणि खुर्ची पन्नास मीटर पलीकडे पडते. बिंदू कुठे असावा याला साधा तर्क आहे: जी वस्तू भिंतीला टेकते तिचा बिंदू पाठीच्या मध्यावर, जमिनीच्या पातळीला. कपाट, सोफा, पलंग, कमोड हे सगळे यात येतात. जी मोकळी उभी राहते, जसं जेवणाचं टेबल किंवा फिरती खुर्ची, तिचा बिंदू मध्यभागी जमिनीवर. लटकता दिवा छताला टेकतो तिथे. लायब्ररीतल्या सगळ्या सोफ्यांचा बिंदू एकाच तर्कानं ठेवला असेल तर उद्या दोन आसनी सोफ्याच्या जागी तीन आसनी निवडला तरी तो भिंतीला टेकूनच राहतो. बिंदू प्रत्येकाचा वेगळा असेल तर प्रत्येक बदलानंतर घरभर फर्निचर सरकवत बसावं लागतं. स्केचअपमध्ये कंपोनंटवर (तिथली साठवलेली वस्तू) उजवं क्लिक करून चेंज ॲक्सेस, ऑटोकॅडमध्ये ब्लॉक करताना बेस पॉइंट, आणि रेव्हिटमध्ये फॅमिलीतल्या (तिथल्या वस्तूतल्या) ज्या दोन रेफरन्स प्लेनना (आधाराच्या प्रतलांना) डिफाइन्स ओरिजिन हा पर्याय लावलेला असतो त्यांचा छेद, असा तो ठरवला जातो.

रेव्हिट: वस्तू प्लॅनमध्ये का दिसत नाही

रेव्हिटमध्ये वस्तू म्हणजे फॅमिली. इन्सर्ट टॅबमधून लोड फॅमिली, मग आर्किटेक्चर टॅबमधून प्लेस अ कंपोनंट. कीबोर्डवर सी आणि एम दाबलं तरी चालतं. ठेवण्याआधी स्पेसबार दाबला की वस्तू ९० अंशात फिरते. तिरक्या भिंतीजवळ कर्सर नेऊन भिंत उजळली असताना स्पेसबार दाबला तर वस्तू त्या भिंतीच्या कोनात वळते. एवढं सोपं आहे. खरी गुंतागुंत कॅटेगरीची.

फॅमिलीची कॅटेगरी नुसतं लेबल नसते. ती वस्तू कशी काढली जाईल हे तिच्यावर ठरतं. फर्निचर, प्लम्बिंग फिक्स्चर, लायटिंग फिक्स्चर, स्पेशालिटी इक्विपमेंट या कॅटेगरी कापल्या जात नाहीत. सेक्शनची (उभ्या छेदाची) रेषा टेबलाच्या मधून गेली तरी टेबल अखंड दिसतं. केसवर्क ही कॅटेगरी मात्र कापली जाते. म्हणून ओटा, ओट्याखालची कपाटं, भिंतीत बसवलेली कपाटं केसवर्कमध्ये ठेवावीत आणि हलवता येणाऱ्या वस्तू फर्निचरमध्ये. ओटा फर्निचरमध्ये टाकलात तर सेक्शनमध्ये त्याच्या दगडाची जाडी जाड रेषेत कधीच उमटणार नाही, आणि कितीही सेटिंग बदललं तरी कारण सापडणार नाही.

आता गायब वस्तूंकडे. मेट्रिक टेम्पलेटमधला प्लॅन साधारणपणे लेव्हलपासून (मजल्याच्या पातळीपासून) १२०० मिमी उंचीवर कापलेला असतो. पूर्णपणे त्याच्या वर असलेली वस्तू प्लॅनमध्ये दिसत नाही. ओट्यावरचं कपाट १४०० मिमीवर सुरू होतं, त्यामुळे ते फर्निचर असेल तर थ्रीडीत दिसतं आणि प्लॅनमधून गायब होतं. खिडक्या, केसवर्क आणि जेनेरिक मॉडेल या तीन कॅटेगरींना इथे सवलत आहे: कापाच्या वर असूनही व्ह्यू रेंजच्या (प्लॅनमध्ये कोणत्या उंचीपर्यंतचं दिसावं या सेटिंगच्या) टॉप मर्यादेत थोड्या तरी येत असतील तर त्या प्लॅनमध्ये दिसतात. म्हणजे तेच कपाट केसवर्कमध्ये असतं तर दिसलं असतं. दिवा किंवा वर टांगलेलं उपकरण अशा वस्तूंना ही सवलत नाही. त्यांच्यासाठी जुनी युक्ती चालते: फॅमिलीच्या आत एक अदृश्य उभी मॉडेल रेषा काढा, जी वस्तूपासून खाली येऊन कापाची पातळी ओलांडेल. वस्तूचा काही भाग कापाच्या पातळीला छेदतो असं रेव्हिट धरतं आणि प्लॅनमधलं चिन्ह उमटतं. फक्त ही रेषा आहे हे फॅमिलीच्या नावात किंवा वर्णनात लिहून ठेवा. नाहीतर पुढचा माणूस कचरा समजून ती पुसतो.

वस्तू ठेवताच ‘तयार झालेली वस्तू या व्ह्यूमध्ये दिसत नाही’ अशी सूचना आली तर पुन्हा पुन्हा क्लिक करत बसू नका. प्रत्येक क्लिकला एक खुर्ची खरंच पडलेली असते. मग परिमाण तक्त्यात सहा खुर्च्यांच्या जागी एकोणीस येतात आणि त्या एकावर एक असल्यामुळे डोळ्याला एकच दिसते. थ्रीडी व्ह्यू उघडून वस्तू शोधा, मग व्ह्यू रेंज, व्हिजिबिलिटी ग्राफिक्समधली कॅटेगरी, फेज (बांधकामाचा टप्पा) आणि वर्कसेट (टीममध्ये वाटून घेतलेला मॉडेलचा भाग) या क्रमानं तपासा. बहुतेक वेळा पहिल्या दोनातच उत्तर असतं.

प्लॅनमधलं चिन्ह थ्रीडी आकारातून काढून घेऊ नका, वेगळं काढा. फॅमिली एडिटरमध्ये थ्रीडी आकार निवडून व्हिजिबिलिटी सेटिंग्जमध्ये प्लॅनची खूण काढा आणि वरून सिम्बॉलिक रेषांनी चिन्ह काढा. तसं केलं नाही तर प्रत्येक प्लॅन उघडताना रेव्हिट गादीच्या, उशीच्या, पायांच्या सगळ्या कडा हिशेबात घेऊन झाकलेल्या रेषा ठरवतं. शंभर पलंगांच्या हॉटेलमध्ये हा फरक डोळ्यांना दिसतो. तिथेच कोर्स, मीडियम, फाइन असे तीन टप्पे लावता येतात: कोर्समध्ये नुसती बाह्यरेषा, फाइनमध्ये मुठी आणि फटी. हे करणाऱ्या फॅमिली फार थोड्या सापडतात, पण चांगली फॅमिली ओळखायची खूण हीच.

कोणत्या आधारावर वस्तू बसते हाही निर्णय आधीच घ्यावा लागतो. भिंतीवर आधारित टेम्पलेटमधून बनवलेली फॅमिली कायम भिंतीवरच बसते, नंतर तिचा आधार बदलता येत नाही. ती लिंक केलेल्या (बाहेरून जोडलेल्या) फाइलमधली भिंत स्वीकारत नाही, आणि आधाराची भिंत पुसली की वस्तूही जाते. फेसवर (कोणत्याही पृष्ठभागावर) आधारित फॅमिली लिंकमधल्या पृष्ठभागावरही बसते आणि भिंत पुसली तर आधार सुटतो पण वस्तू उरते. आर्किटेक्टचं मॉडेल लिंक करून त्यात बेसिन किंवा दिवे बसवणाऱ्यांनी फेसवर आधारितच घ्याव्यात. मोकळ्या फर्निचरला मात्र कोणताही आधार नसलेला साधा टेम्पलेट उत्तम. फरशीवर आधारित खुर्ची ही विनाकारण ओढवून घेतलेली कटकट आहे.

फर्निचर फरशीत रुतलेलं दिसतंय? लेव्हल स्लॅबच्या माथ्यावर आहे आणि त्यावर ५० मिमी फरशीचा थर वेगळा दाखवला आहे, असं बहुधा असतं. वस्तू लेव्हलवर बसते, थरावर नाही. खोलीतलं सगळं निवडून एलिव्हेशन फ्रॉम लेव्हल ५० करा. सेक्शन काढल्यावरच हे लक्षात येतं, प्लॅनमध्ये कळत नाही.

फर्निचरच्या तक्त्यात खोलीचा रकाना रिकामा येत असेल तर कारण रूम कॅल्क्युलेशन पॉइंट. वस्तू कोणत्या खोलीत आहे हे रेव्हिट एका बिंदूवरून ठरवतं, आणि तो बिंदू भिंतीच्या जाडीत किंवा खोलीच्या वरच्या मर्यादेबाहेर गेला तर खोली सापडत नाही. भिंतीला टेकलेल्या कपाटांच्या आणि छतावरच्या दिव्यांच्या बाबतीत हे नेहमी घडतं. फॅमिली एडिटरमध्ये प्रॉपर्टीजमधली रूम कॅल्क्युलेशन पॉइंटची खूण लावा. हिरवा ठिपका दिसेल, तो ओढून खोलीच्या आत, कपाटासमोर किंवा दिव्याखाली आणून ठेवा.

टेबल आणि सहा खुर्च्या एकत्र असलेल्या फॅमिलीत खुर्च्यांची मोजणी वेगळी हवी असेल तर आतल्या खुर्चीच्या फॅमिलीला शेअर्ड ही खूण लावायलाच हवी. ती नसेल तर तक्त्यात ‘टेबल संच १’ एवढंच येतं. मापांबद्दल: टेबलाची लांबी टाइप पॅरामीटर (त्या प्रकारच्या सगळ्या प्रतींना एकच माप) ठेवा, कारण टेबलं ठराविक मापांत मिळतात. ओट्याची लांबी इन्स्टन्स (प्रत्येक प्रतीचं आपलं माप) ठेवा, कारण प्रत्येक स्वयंपाकघरात ती वेगळी असते आणि टोक धरून ओढता येणं सोयीचं. सगळंच इन्स्टन्स ठेवलं की ११९७ मिमी लांबीची टेबलं तयार होतात, जी कोणीच बनवत नाही.

थ्रीडी डीडब्ल्यूजी किंवा स्केचअपची फाइल फॅमिलीत इम्पोर्ट करून वापरता येते. प्रोजेक्टमध्ये थेट मात्र कधीही इम्पोर्ट करू नका. पण अशा वस्तूत मापं बदलता येत नाहीत, मटेरियल लेअरच्या हिशेबानं ऑब्जेक्ट स्टाइल्समधल्या इम्पोर्टेड ऑब्जेक्ट्स टॅबमधून द्यावं लागतं, आणि वक्र पृष्ठभागांवर त्रिकोणांचं जाळं उमटतं. ती एक्स्प्लोड करून (सुट्या रेषांत फोडून) सुधारू पाहिलंत तर रेव्हिट साधारण ०.८ मिमीपेक्षा लहान रेषा स्वीकारत नाही, त्यामुळे बारीक कोपरे गळून पडतात. साध्या टेबल-कपाटासाठी हा खटाटोप करण्यापेक्षा चार एक्स्ट्रूजन (सपाट आकृती ओढून केलेले ठोकळे) काढून नवीन फॅमिली बनवणं कमी वेळात होतं. इम्पोर्ट राखून ठेवा ते खरोखर वळणदार आकारांसाठी, आणि तिथेही प्लॅनचं चिन्ह वेगळं काढा.

स्केचअप

इथे कॅटेगरी नाहीत, त्यामुळे शिस्त स्वतः पाळावी लागते. वस्तू नेहमी कंपोनंट असावी, ग्रुप नाही, कारण एक खुर्ची सुधारली की तिच्या सगळ्या प्रती सुधारतात. त्यातली एकच वेगळी हवी असेल तर आधी मेक युनिक. रेषा आणि पृष्ठभाग अनटॅग्डवरच राहू द्या, टॅग (स्केचअपमधले लेअर) फक्त बाहेरच्या कंपोनंटला द्या. उतरवलेल्या वस्तूत आतल्या पृष्ठभागांनाही टॅग दिलेले असतात, मग एखादा टॅग बंद केला की सोफ्याची फक्त पाठ नाहीशी होते.

थ्रीडी वेअरहाऊसमधली वस्तू रिकाम्या फाइलीत आणून मॉडेल इन्फोमधल्या स्टॅटिस्टिक्समध्ये एजेस आणि फेसेसचे आकडे पाहा, मग पर्ज अनयूज्ड चालवा. माप चुकलं असेल तर कंपोनंट उघडून आत जा, टेप मेजरनं दोन बिंदू मोजा, खरं माप टाइप करून एंटर दाबा. आकार बदलायचा का असं विचारलं जातं. कंपोनंटच्या आत न जाता हे केलंत तर हा आदेश मॉडेलला लागू होतो, खुर्चीसाठी इमारतीचं माप बदलतं.

स्केल टूलनं ओढताना एक लक्षात ठेवा. चार माणसांचं १२०० मिमी टेबल ओढून १८०० केलं तर ६० मिमीचा पायही ९० मिमी रुंद होतो. लांबी हवी असेल तर आत जाऊन एका बाजूचे पाय आणि कड निवडून ६०० मिमी सरकवा. उतरवलेल्या वस्तूवर निळसर-राखाडी पृष्ठभाग दिसले तर ते उलटे आहेत. स्केचअपमध्ये चालतात, पण काही रेंडरिंग सॉफ्टवेअरमध्ये तिथे भोक किंवा काळा डाग येतो. ते रिव्हर्स फेसेसनं फिरवा.

आर्चिकॅड आणि ऑटोकॅड

आर्चिकॅडच्या वस्तू जीडीएल (आर्चिकॅडची स्वतःची भाषा) ऑब्जेक्ट असतात आणि प्लॅनचं चिन्ह, थ्रीडी, पॅरामीटर ही तिन्ही अंगं त्यांत पहिल्यापासून असतात. या बाबतीत तो सर्वात सुटसुटीत आहे. त्रास होतो लायब्ररीचा: फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली आणि जोडलेली लायब्ररी सापडली नाही की वस्तूंच्या जागी ठिपके उरतात. घाबरून ते ठिपके पुसू नका. वस्तूंची जागा आणि सेटिंग शाबूत असतात. लायब्ररी मॅनेजरमधून लायब्ररी पुन्हा जोडली की वस्तू परत येतात. प्रोजेक्टपुरत्या बनवलेल्या वस्तू एम्बेडेड लायब्ररीत ठेवा, म्हणजे त्या फाइलीबरोबर जातात. स्वतः मॉर्फ (हवा तसा घडवता येणारा आकार) किंवा स्लॅबनं बनवलेली वस्तू सेव्ह सिलेक्शन ॲज ऑब्जेक्टनं साठवता येते. मात्र प्लॅनमध्ये निवडून साठवलीत की थ्रीडीत निवडून, यावर तिची दिशा आणि चिन्ह ठरतं, त्यामुळे साठवल्यावर लगेच एकदा ठेवून पाहा.

ऑटोकॅडमध्ये ब्लॉक लेअर शून्यवर, रंग बाय लेअर ठेवून करा. मग तो ज्या लेअरवर ठेवाल त्याचा रंग घेतो. बाकी सगळं वर आलंच.

फाइल जड का होते

फाइलचा आकार आणि स्क्रीनवरचा भार या वेगळ्या गोष्टी आहेत. कंपोनंट किंवा फॅमिली एकदाच साठवली जाते, म्हणून तीनशे खुर्च्यांची फाइलही लहान दिसते. पण ग्राफिक्स कार्डाला प्रत्येक प्रत काढावी लागते. एका खुर्चीत ८०,००० त्रिकोण असतील तर तीनशे आसनांच्या सभागृहात २ कोटी ४० लाख त्रिकोण होतात. तीच खुर्ची १,२०० त्रिकोणांत बसवली तर ३ लाख ६० हजार. दहा मीटरवरून दोन्हींत फरक दिसत नाही.

भार कुठे साठतो? जवळजवळ नेहमी गोल कडांमध्ये. स्केचअपचं वर्तुळ मुळात २४ बाजूंचं असतं आणि कंस १२ तुकड्यांचा. फॉलो मी या टूलनं (वर्तुळ कंसाच्या वाटेनं ओढून) एक वाकडी पाइपची मूठ बनवली तर २४ गुणिले १२ म्हणजे २८८ पृष्ठभाग. वर्तुळ ८ बाजूंचं आणि कंस ६ तुकड्यांचा घेतला तर ४८. स्वयंपाकघरात अशा वीस मुठी असतात. स्क्रू, चाकांचे दात, गादीची शिवण, कपाटाच्या आतले बिजागर हे तर सरळ काढून टाका. उत्पादकांच्या संकेतस्थळांवरच्या फाइली अनेकदा कारखान्यासाठी बनवलेल्या मॉडेलमधून आलेल्या असतात, त्यांत फिरत्या खुर्चीच्या पोटातली स्प्रिंगही सापडते.

टेक्स्चरचाही हिशेब करा. ४०९६ गुणिले ४०९६ पिक्सेलचं एक चित्र मेमरीत उलगडल्यावर ६४ एमबी घेतं, १०२४ गुणिले १०२४ चं ४ एमबी. उशीच्या कापडाला पहिलं लावण्यात काही अर्थ नाही. जवळच्या रेंडरसाठी जड वस्तू हवीच असेल तर प्रॉक्सी वापरा: मॉडेलमध्ये हलका ठोकळा, खरी वस्तू फक्त रेंडर होताना वाचली जाते. झाडांना तर हाच मार्ग घ्या. रेव्हिटमधली आरपीसी या प्रकारची तयार झाडं याच तत्त्वावर चालतात, साध्या व्ह्यूमध्ये काडीचा सांगाडा आणि रिअलिस्टिकमध्ये पूर्ण झाड. स्केचअपमध्ये कॅमेऱ्याकडे वळणारं सपाट झाड लांबून पुरेसं असतं, फक्त वरून घेतलेल्या चित्रात ते पट्टीसारखं दिसतं.

वस्तूभोवतीची जागाही टाका

फर्निचर टाकण्याचा खरा उपयोग खोली चालते का हे पाहण्यात आहे, आणि तिथे वस्तूपेक्षा तिच्यासमोरची मोकळी जागा महत्त्वाची. जेवणाच्या टेबलाच्या कडेपासून मागे साधारण ७५० मिमी असल्याशिवाय खुर्ची ओढून उठता येत नाही. मागून कोणी जाणार असेल तर आणखी हवी. कपाटाची खोली ६०० मिमी, कारण हँगर ४५० मिमीच्या आसपास रुंद असतो, आणि समोर दार उघडून उभं राहायला किमान ७५०. व्हीलचेअर वळायला १५०० मिमी व्यासाचं वर्तुळ. ही जागा प्रत्येक फॅमिलीत किंवा कंपोनंटमध्ये वेगळ्या सबकॅटेगरीवर किंवा टॅगवर तुटक रेषेत काढून ठेवा. तपासताना चालू करा, छापताना बंद. थ्रीडीत पारदर्शक ठोकळा म्हणून ठेवली तर टक्कर तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये खांब किंवा दार त्या जागेत घुसलेलं लगेच सापडतं. छोटं दिसणारं फर्निचर टाकून खोली मोठी भासवणं हा जुना खेळ आहे. १७०० मिमी लांबीचा पलंग ज्या प्लॅनमध्ये दिसतो त्या प्लॅनवर विश्वास ठेवू नये.

जाता जाता एक बारीक गोष्ट: रेंडरमध्ये टेबलाभोवतीच्या सगळ्या खुर्च्या काटकोनात उभ्या असतील तर खोली दुकानासारखी दिसते. एक-दोन खुर्च्या पाच-सात अंश वळवा. प्लॅनमध्ये मात्र सरळच ठेवा.

मोजणी आणि देवाणघेवाण

वस्तूला नाव देताना प्रकार, उपप्रकार, माप असा क्रम ठेवा: ‘टेबल-जेवण-६ आसनी-१८००x९००’. ‘टेबल नवीन फायनल २’ हे नाव तक्त्यात तसंच छापलं जातं. कंपनी ठरलेली नसेल तोवर बिनकंपनीची साधी वस्तू वापरा आणि ठरल्यावर टाइप बदला. इन्सर्शन पॉइंट नीट असतील तर हे काही क्लिकचं काम आहे.

मॉडेल आयएफसीमधून (वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये देवाणघेवाणीचा फॉरमॅट) दुसऱ्याला द्यायचं असेल तर वस्तूचा वर्ग तपासा. आयएफसी ४ मध्ये फर्निचर आयएफसीफर्निचर या वर्गात जायला हवं, आयएफसी २x३ मध्ये आयएफसीफर्निशिंगएलिमेंटमध्ये. जेनेरिक मॉडेलमध्ये टाकलेली वस्तू सहसा आयएफसीबिल्डिंगएलिमेंटप्रॉक्सी म्हणून जाते, आणि समोरच्याच्या तक्त्यात कपाटं, बेसिन आणि झाडं एकाच ढिगात पडतात. रेव्हिटमध्ये योग्य कॅटेगरी निवडली की हे बहुतेक आपोआप जुळतं. जिथे जुळत नाही तिथे एक्स्पोर्ट टू आयएफसी ॲज या पॅरामीटरमध्ये वर्गाचं नाव स्वतः भरा.

लायब्ररी कोणत्या आवृत्तीत ठेवायची हेही ठरवून घ्या. रेव्हिटच्या नवीन आवृत्तीत साठवलेली फॅमिली जुन्या आवृत्तीत उघडतच नाही, जुनी मात्र नव्यात अपग्रेड होऊन उघडते. म्हणून कार्यालयात चालू असलेल्या प्रोजेक्टपैकी सर्वात जुनी आवृत्ती जी असेल तीत मूळ प्रत ठेवा, आणि नवीन आवृत्तीसाठी अपग्रेड केलेली प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये. मूळ प्रतीवर चुकून सेव्ह दाबलं की परतीचा रस्ता नाही, तेव्हा तो फोल्डर फक्त वाचण्यापुरता खुला ठेवलेला बरा.